जिल्हा पानावर रोज एक स्थानिक कॉमिक स्ट्रिप हवी : माझं मत, विरोध असेल तर तोही लिहा

रेघोटी (वणी तालुका)

मी फोनवर वाचायची कॉमिक काढते. नाव 'जागल', म्हणजे रात्रीची राखण. तुरीच्या वावरात माळ्यावर जागल करणारी एक म्हातारी आणि रात्री ती तूर खायला येणारा एक रोही (नीलगाय), एवढी दोनच पात्रं. दोघं बोलत बसतात. हे छापायला मला कोणत्या संपादकाच्या दारात जावं लागलं नाही. तरीही आज मी पेपरातल्या स्ट्रिपची बाजू मांडणार आहे, आणि अगदी मनापासून.

पेपर उघडणारा माणूस स्ट्रिपसाठी पेपर उघडत नाही. तो कापसाचा भाव बघतो, निधन वार्ता बघतो, तालुक्यात काय झालं ते बघतो, आणि पान उलटताना त्याची नजर तीन-चार चौकटींवर पडते. त्यानं ते मागितलेलं नसतं. आवडलं तर उद्या तो तिथे पुन्हा बघतो, महिनाभरानं त्याला त्या पात्राची सवय लागते. फोनवर उलटं आहे. ज्याला कॉमिक आवडतं त्यालाच कॉमिक दाखवलं जातं. 'जागल'चे वाचक पुण्यातले, मुंबईतले, नागपुरातले; गाव सोडून गेलेली माणसं बरीच. ती प्रेमानं वाचतात, त्यांचे आभार. पण ज्या बायकांकडे बघून मी ती म्हातारी काढली, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. घरातला फोन पोराच्या खिशात असतो.

दुसरी गोष्ट सकाळची. पोळ्याच्या दिवशी पोळ्याची स्ट्रिप सगळ्या जिल्ह्यानं एकाच सकाळी वाचली, तर दुपारी चौकात तिच्यावर बोलता येतं. फोनवर माझी तान्ह्या पोळ्याची स्ट्रिप कोणाला त्याच दिवशी दिसते, कोणाला गणपती बसल्यावर.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त लागते. अमेरिकेत 1895 साली न्यूयॉर्कच्या पेपरात आउटकॉल्टचा 'यलो किड' गाजला, तो गरीब वस्तीतल्या गल्लीतला पोरगा होता. पेपर विकत घेणाऱ्या माणसाची गल्लीच त्यात होती. आपल्याकडे लक्ष्मण यांचा कॉमन मॅन 1951 पासून चौकटीत उभा राहिला, 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला. चिंटू वाचूनच मी स्ट्रिप म्हणजे काय ते शिकले. पण त्याचं जग शहरातल्या सोसायटीचं. कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळी, रात्री मिळणारी थ्री फेज वीज, एसटीची वाट बघणारी पोरं असलेली रोजची स्ट्रिप माझ्या वाचनात कधी आली नाही.

म्हणून म्हणते, नागपूर, अमरावती, अकोल्याहून निघणाऱ्या दैनिकांनी जिल्हा पानावर रोज एक स्थानिक स्ट्रिप छापावी, आणि काढणाऱ्याला तिचे पैसे द्यावेत.

पानंदीवरचा

ताई, मी 'जागल' माळ्यावर बसूनच वाचतो. रातच्या लाइनची वाट पायत बसलो का फोनच रायते सोबतीले. आमच्या गावात पेपर येते अकराच्या एस्टीनं, अन् थो बी चार-पाच. एक हाटेलात, एक सरपंचाच्या घरी. हाटेलात बाया जात नाईत. मंग पेपरात आली तरी तुमची म्हातारी म्हाताऱ्यायले कशी दिसन?

अन् दुसरं, बोली. तुमची म्हातारी आमच्यासारखी बोलते म्हनून आमी वाचतो. पेपरवाले तिले शुद्ध करून टाकतीन. 'मला वाटते' म्हनाली का संपलं. पेपरात नोका जाऊ.

जुना उपसंपादक

बरीच वर्षं जिल्हा पानं लावली आहेत, म्हणून विरोधात लिहितो. भावनेचा प्रश्न नाही, जागेचा आहे.

संध्याकाळी जाहिरात विभागाकडून डमी येते. कुठल्या पानावर किती जागा विकली गेली ते त्यात ठरलेलं असतं. उरलेल्या जागेत तालुक्याच्या बातम्या, सत्काराचे फोटो, निवड, निधन वार्ता. ज्याचं नाव छापून येतं तो अंक घेतो, त्याचे नातेवाईक घेतात. स्ट्रिपमध्ये कोणाचंच नाव नसतं. खेड्यात जाणारी डाक आवृत्ती शहराच्या आवृत्तीच्या कितीतरी आधी सोडावी लागते, आणि पान बंद करताना ऐनवेळी जाहिरात आली की ज्याच्यासाठी उद्या फोन येणार नाही ते आधी उडतं. माझ्या हातानं मी शब्दकोडी उडवली आहेत.

विदेशी स्ट्रिप इतकी वर्षं छापल्या गेल्या त्यामागेही हिशेबच होता. सिंडिकेट, म्हणजे स्ट्रिप पुरवणारी कंपनी, एकच स्ट्रिप शेकडो पेपरांना विकते, त्यामुळे एका पेपराला ती स्वस्त पडते. स्थानिक चित्रकाराचा सगळा खर्च एकाच पेपरावर येतो. अमेरिकेतली शुल्झ यांची 'पीनट्स' 1950 मध्ये सात पेपरांत सुरू झाली, तेव्हा ती जागा वाचवणारी स्ट्रिप म्हणून विकली गेली. चारही चौकटी एकाच मापाच्या. आडव्या लावा, उभ्या लावा, दोनावर दोन लावा. डेस्कवरच्या माणसाची सोय बघितली म्हणून तिला दार उघडलं.

झेडपी गुरुजी

मी रेघोटीताईंच्या बाजूनं. माझ्या चौथीच्या वर्गात मी पेपरातल्या स्ट्रिप कापून वहीत चिकटवून घेतो. पात्रांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यातले शब्द पांढऱ्या कागदानं झाकायचे आणि पोरांनी आपल्या मनानं भरायचे. ज्या पोराला निबंधाच्या चार ओळी जमत नाहीत, तो तीन फुगे भरतो. कारण कोण काय बोललं असेल याचा विचार चित्रच त्याला आधी करायला लावतं. फोनवरचं चित्र कापता येत नाही. आणि आमच्याकडे सगळ्या पालकांकडे रिचार्ज असतोच असं नाही.

उभी चौकट (अमरावती)

मीही फोनसाठीच कॉमिक काढते आणि मला हे पेपरप्रेम अजिबात पटत नाही.

पेपरानं स्ट्रिपचं काय केलं ते वरच उपसंपादकांनी सांगितलं: सोयीची चौकट. माप कमी, अक्षर बारीक, कागदावर शाई पसरते म्हणून बारीक रेघ काढायचीच नाही. 'कॅल्विन अँड हॉब्स' या अमेरिकी स्ट्रिपचा चित्रकार वॉटरसन 1985 ते 1995 अशी दहाच वर्षं काढत होता आणि जागेसाठी भांडत होता. शेवटी रविवारचं अर्धं पान त्यानं अखंड मिळवलं, तेही नाव एवढं मोठं झाल्यावर. आपल्याकडे कोणाला मिळणार? फोनवर मी एक पाऊस पाच पडदेभर उभा पाडू शकते. वाचणारा अंगठ्यानं तो पाऊस खाली ओढत नेतो. तीन चौकटींत हे होत नाही.

शिवाय पेपरातली जागा एकदा भरली की भरली. अमेरिकेतली 'ब्लाँडी' 1930 मध्ये सुरू झाली, काढणारे चिक यंग 1973 मध्ये गेले, मुलानं पुढे चालवली, आजही चालू आहे. शुल्झ 2000 साली गेले, त्यांच्यानंतर 'पीनट्स' दुसऱ्या कोणी काढायची नाही असं ठरलं, तर जुन्याच पुन्हा छापतात. त्या जागेवर नव्या पोरीनं यायचं कधी?

आणि खरी अडचण तर पुढे आहे. तुझी म्हातारी बोंडअळीवर बोलते, बोगस बियाण्यावर बोलते. त्याच पानावर खाली बियाणं कंपनीची जाहिरात असते. कोणता संपादक छापणार?

रेघोटी

एकेकाला उत्तर देते.

पानंदीवरचे दादा, हॉटेलात बाया जात नाहीत हे खरं. पण पेपर हॉटेलातच संपत नाही. तो फडताळात अंथरला जातो, किराण्याच्या पुडीला लागतो, आणि आमच्याकडे बाया तिथेच उभ्या राहून तो वाचतात. माझ्या आईचं अर्धं वाचन असं झालं. स्ट्रिप जुनी झाली तरी वाचता येते, बातमीचं तसं नाही. बोलीबद्दल मात्र तुमचं म्हणणं मी अट म्हणून घेते: म्हातारीचा एकही शब्द बदलायचा नाही. बदलणार असाल तर छापू नका.

उपसंपादक सर, फोन येणार नाही हे तुम्ही आधीच धरून चालता. अमेरिकेत स्ट्रिप बंद केली की वाचकांची पत्रं येत, आणि संपादक ती काढायला कचरत. सवय लागायला वेळ द्यावा लागतो. पंधरा दिवस छापून दोनदा उडवली तर फोन कोण करणार? खर्चाचं म्हणाल तर मला एक उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. जपानची माचिको हासेगावा. युद्धाच्या धामधुमीत ती फुकुओकाला राहत होती, आणि 1946 मध्ये तिथल्याच स्थानिक पेपरात तिनं 'साझाए-सान' सुरू केली. चार चौकटी, एकाखाली एक. घरातली एक उत्साही बाई आणि तिचं कुटुंब. युद्धानंतरची टंचाई, रांगा, सगळं त्यात आलं. पुढे ती टोकियोच्या 'असाही शिंबून'मध्ये गेली आणि 1974 पर्यंत चालली. एका बाईची, गावच्या पेपरातून निघालेली स्ट्रिप देशाची झाली. त्या स्थानिक पेपरानं जागेचा हिशेब करून नाही म्हटलं असतं तर?

उभी चौकट, या चार चौकटी उभ्याच होत्या. फोनवरही तशाच वाचता येतील. तुझा पाऊस मला आवडतो, तो पाच पडदेच हवा. पण वॉटरसनची गोष्ट तू माझ्या बाजूनं सांगितलीस. तो पेपर सोडून गेला नाही, पेपराकडे जास्त जागा मागत राहिला. कारण तो वाचक त्याला दुसरीकडे मिळाला नसता.

बियाण्याच्या जाहिरातीचा मुद्दा सगळ्यात कठीण आहे. गॅरी ट्रूडो या चित्रकाराच्या 'डून्सबरी' या अमेरिकी राजकीय स्ट्रिपचे काही भाग काही पेपरांनी छापले नाहीत, आणि त्याच स्ट्रिपला 1975 मध्ये पुलित्झर हे पत्रकारितेचं मोठं पारितोषिक मिळालं. मला पुलित्झर नको. पण नाकारलेली स्ट्रिप त्याच सकाळी मी फोनवर टाकेन, 'आज ही छापली नाही' एवढंच वर लिहून. ही ताकद जुन्या चित्रकारांकडे नव्हती, आपल्याकडे आहे.

उभी चौकट

एकदा टाकशील. दुसऱ्यांदा तुझी स्ट्रिप बंद होईल, आणि तिसऱ्या महिन्यापासून तू स्वतःच बोंडअळी काढणार नाहीस. धमकी कोणी देत नाही गं, चित्रकार आपणहून शहाणा होतो. हे मी इथल्या चांगल्या व्यंगचित्रकारांच्या बाबतीत बघितलंय. म्हातारी आज जे बोलते ते ती कोणाच्या पानावर बसलेली नाही म्हणून बोलते.

पानंदीवरचा

हे बराबर बोलल्या.

ग्रंथालय सेवक (दारव्हा तालुका)

आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान. टेबलावर पेपर येतात. 2020 च्या टाळेबंदीत काही महिने पेपर बंद होते, त्यानंतर काही जण परत आलेच नाहीत, फोनवर गेले. जे येतात ते साठीच्या पुढचे, आणि दुपारी शाळा सुटल्यावर पोरं. पोरं टेबलाशी येऊन आधी चित्र शोधतात, सापडलं नाही की निघून जातात. कपाटात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आहेत, वेताळाचे, पानं सुटलेले. छपाई 1990 मध्ये थांबली तरी ते अजून नेतात. म्हणजे चित्राची भूक नाही असं मला वाटत नाही.

माझा प्रस्ताव साधा आहे. पेपर छापेल तेव्हा छापेल. ताईंनी आठवड्याची 'जागल' मोठ्या कागदावर पाठवावी, मी वाचनालयाच्या बाहेरच्या फलकावर लावतो. तिथून बायाही जातात, पाण्याला, दळणाला. आत येत नसल्या तरी फलक वाचतात. योजनांच्या याद्या तिथेच लावतो, त्यामुळे थांबायची सवय आहे.

झेडपी गुरुजी

शाळेसाठी फुगे रिकामे ठेवलेली एक प्रत मलाही पाठवा.

जुना उपसंपादक

फलक लावा, पण फुकट नको. एकदा फुकट मिळालेली गोष्ट पेपर विकत घेत नाही, हे मी पलीकडच्या टेबलावर बसून बघितलं आहे. छपाईचा खर्च आणि चित्राचं थोडं का होईना मानधन वाचनालयानं किंवा गावातल्या कोणी द्यावं, आणि ते कागदावर लिहून घ्यावं.

उभी चौकट

मग पेपर हवाच कशाला? फलकावर म्हातारी हवं ते बोलेल, बोली तीच राहील, बायांना दिसेल. माझं म्हणणं यानं सिद्धच होतं.

रेघोटी

फलक मी नक्की करणार, वाचनालयाच्या दादांना वेगळं कळवते. मानधनाची अटही ठेवणार. पण फलक एका गावाचा. दारव्ह्यात लावलेली स्ट्रिप झरीला किंवा उमरखेडला दिसत नाही. पोळ्याच्या सकाळी सगळ्या जिल्ह्यात एकच चित्र पोचवायची ताकद आजही जिल्हा पानाकडेच आहे, कितीही अंक कमी झाले तरी. आपणहून शहाणं होण्याचा धोका आहे, तो मी नाकारत नाही. तरी ज्या पानावर बियाण्याची जाहिरात आहे त्याच पानावर म्हातारीनं बोलावं असं मला वाटतं. तो शेतकरी बियाणं त्या पानावर बघून घेतो. पावसाळ्यानंतर मी दैनिकांच्या जिल्हा कार्यालयांत नमुने घेऊन जाणार आहे.

जुना उपसंपादक

माझं मत बदललेलं नाही, तुम्हाला नकार येईल असंच वाटतं. तरी जाणार असाल तर दोन-चार नमुने घेऊन जाऊ नका, निदान दोन महिन्यांच्या स्ट्रिप तयार ठेवा. रोज देता येईल का, हाच पहिला प्रश्न असतो. माप दोन कॉलम आणि तीन कॉलम, दोन्हींत बसवून न्या. काळ्या-पांढऱ्यात न्या, जिल्हा पान रंगीत असेलच असं नाही. बियाण्यावरची स्ट्रिप गठ्ठ्यात मधे ठेवा, काढून नेऊ नका. छापणार नसतील तर ते पहिल्या दिवशीच कळू द्या. आणि संपादकांना भेटण्याआधी पान लावणाऱ्या माणसाला भेटा. दुपारी तीन ते चार. पाचनंतर तो कोणाशीच बोलत नाही.