मदत हवी आहे: जानेवारीत दुब्रोव्हनिक (क्रोएशिया), एकट्याने एक दिवस

जुन्या शहराच्या तटबंदीवरचा फेरा 1,940 मीटर आणि एकाच दिशेचा, घड्याळाच्या उलट. पश्चिमेच्या पिले दरवाजाकडून चढलं तर आधी समुद्राकडची भिंत, आणि मिन्चेता बुरुजाची चढण शेवटी, पाय थकल्यावर. पूर्वेच्या प्लोचे दरवाजाकडून चढलं तर मिन्चेता लवकर येतो. पण दुपारी तिथून दक्षिणेला पाहताना सूर्य समोर असतो, लाल कौलांचे फोटो फिके पडतात. म्हणून मला प्लोचेकडून सकाळीच चढणं बरं वाटतं. हिवाळ्यात ते प्रवेशद्वार उघडं असतं का?

खरी काळजी वाऱ्याची. ईशान्येचा कोरडा 'बुरा' वरच्या बुरुजांवर झोंबतो, तर दक्षिणेचा 'युगो' पाऊस आणि लाटा आणतो. मग स्त्रादुन या मुख्य रस्त्याची गुळगुळीत चुनखडी फार निसरडी होते. युगो असताना भिंत बंद ठेवतात का? ते सकाळी कुठे कळतं?

तटबंदीच्या तिकिटावर लोव्हरियेनात्स किल्लाही पाहता येतो. सूर्यास्त साडेचारच्या सुमारास, तेव्हा किल्ला तटबंदीच्या आधी पाहू की नंतर? लोक्रुम बेटाची बोट हिवाळ्यात नसते, ते सोडलंय. पण स्र्ज डोंगराचा रोपवे जानेवारीत चालू असतो का? नसल्यास एकट्याने पायवाटेने जाणं कितपत सुरक्षित?