अनुभव सांगा : ‘जरा तिकडे जाऊन ओढता का?’

तुळशीकट्टा
आज सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानपाशी पोह्यांसाठी उभी होते. रविवार, गर्दी मरणाची. माझ्या पुढच्या माणसाने सिगारेट पेटवली. त्याच्या शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांचं बोट धरून उभी होती. तिने त्याच्या शर्टाचं टोक ओढलं आणि म्हणाली, “अंकल, धुआं आ रहा है.” एवढंच. तो “सॉरी बेटा” म्हणून रांग सोडून पार कोपऱ्यावर गेला आणि संपवून परत आला तो सगळ्यांच्या शेवटी उभा राहिला. मी पोहे घेऊन घरी आले, पण घास उतरेना. डोक्यात आई.

आईला दमा. रामबागेत तीन खोल्यांचं घर, एकत्र कुटुंब. बाबांचे थोरले भाऊ, आमचे अण्णा, बैठकीत बसून सिगारेट ओढायचे. दिवसाला एक पाकीट. बैठकीला लागून स्वयंपाकघर, मधे दार नाही, नुसता पडदा. तो पडदा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. निळ्या फुलांचा, आणि वर दांडीपासून वीतभर पिवळट पडलेला. आई सोडा घालून धुवायची, उन्हात वाळवायची, पण तो पिवळा पट्टा काही जायचा नाही. पोळ्या लाटताना ती डाव्या हाताने पदर नाकाशी धरायची आणि उजव्या हाताने लाटणं फिरवायची. मला कितीतरी वर्षं वाटायचं की पोळ्या अशाच, एका हाताने लाटतात.

थोरल्या दिरांना कसं सांगणार? त्यांच्यासमोर ती डोक्यावरून पदर घ्यायची. बाबाही कधी बोलले नाहीत. आणि अण्णा वाईट होते असं मुळीच नाही. रात्री-बेरात्री आईला धाप लागली की स्कूटर काढून डॉक्टरांकडे तेच न्यायचे. तिकडून आल्यावर ओट्यावर बसून सिगारेट पेटवायचे.

‘माझी तब्येत, माझे पैसे, माझी मर्जी’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. त्यांच्या तब्येतीवर त्यांचा हक्क, कबूल. पण पडद्याच्या मागे जी बसली होती तिला कुणीच विचारलं नाही. तुमचे अनुभव लिहा. ओढणाऱ्यांनीही लिहा, भांडायचं नाहीये.

जिरावण
वाचून गलबलून आलं गं. आईंची तब्येत आता कशी आहे? आणि पोहे टाकले नाहीस ना?

तुळशीकट्टा
आई ठीक आहे, पंप चालू आहे दोन वेळा. पोहे दुपारी गरम करून खाल्ले, वरून शेव घालून.

खंडवा पॅसेंजर
इंदूर-खंडवा मीटरगेजच्या गाडीत ज्यांनी प्रवास केला त्यांना ठाऊक आहे. महूनंतर घाट लागायचा, पातालपानी, मग बोगदे. बोगद्यात गाडी शिरली की डब्यातला विड्यांचा धूर बाहेर जायचाच नाही. माझे आजोबा बोगदा यायच्या आधी उभे राहून सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, “भाईसाहब, बोगदा आ रहा है, बीड़ी बुझा लो, बच्चे हैं.” आणि लोक विझवायचे! कुणी वाद घातलेला मला आठवत नाही. बोगदा संपला की परत पेटवायचे, ते वेगळं. कालाकुंडला उतरून आजोबा कलाकंद घ्यायचे आणि ज्यांनी विडी विझवली त्यांना पानाच्या द्रोणातून एकेक तुकडा द्यायचे.

पुढे रेल्वेत नोकरीला लागल्यावर कळलं की कायदा आजोबांच्या बाजूनेच होता. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १६७. डब्यातल्या एकाही सहप्रवाशाने हरकत घेतली तर ओढता येत नाही, दंड १०० रुपयांपर्यंत. आजोबांना कलम माहीत नव्हतं.

जिरावण
कालाकुंडचा कलाकंद!! अजून मिळतो का तसा?

खंडवा पॅसेंजर
मिळतो. पण द्रोणातला असेल तरच घे.

काळा कोट
कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, कारण गैरसमज फार आहेत. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक ठिकाणी ओढणं हे न ओढणाऱ्याच्या राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्कावर आक्रमण आहे. मग २ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, शाळा, कोर्ट, वाचनालयं, बस, रेल्वे इथे बंदीचा आदेश दिला. २००३ मध्ये सिगारेट-तंबाखूचा कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून आजचे नियम लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंत. ३० किंवा जास्त खुर्च्यांचं रेस्टॉरंट, ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल आणि विमानतळ, इथे ओढायची वेगळी खोली करता येते.

आता मुद्दा. २००३ च्या व्याख्येत मोकळी जागा वगळलेली आहे. २००८ च्या नियमांत बसस्टॉप, रेल्वे स्टेशन, स्टेडियम वगैरे आले, पण उघड्या रस्त्यावर पोह्यांच्या रांगेत उभ्या माणसाला पावती फाडणं सोपं नाही. आणि घर तर कायद्याच्या पूर्ण बाहेर. तुळशीकट्टाताई, तुमच्या आईला कोर्टाच्या व्हरांड्यात संरक्षण होतं, स्वतःच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी नव्हतं. सरकारच्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं होतं की घरात दुसऱ्याचा धूर नाकात जातो. म्हणजे तो पडदा घरोघरी आहे.

चहाबाज
मी ओढतो. २२ वर्षं. बोलावलंत म्हणून लिहितो.

मी कुणाच्या तोंडावर धूर सोडत नाही, घरात ओढत नाही, लहान मूल दिसलं तर हात मागे घेतो. तरीही परवा ऑफिसच्या फाटकाबाहेर, अगदी रस्त्याच्या कडेला उभा होतो तर एक गृहस्थ गाडीची काच खाली करून मला “शरम नहीं आती” म्हणाले. त्यांची डिझेलची गाडी चालू होती, काळा धूर सोडत. माझं म्हणणं इतकंच की सरकार विकायला परवानगी देतं, कर घेतं, गुमटीवर (टपरीवर) उघड मिळते, तर ओढणाऱ्याने उभं कुठे राहायचं तेही सांगा. आत नको, जिन्यात नको, गच्चीवर नको, फाटकाबाहेर नको. जागा दिलीत तर आम्ही तिथेच जाऊ, खरंच जाऊ. मोठ्या माणसाने स्वतःच्या शरीराचं काय करावं हे त्याला ठरवू द्या.

मुलगी ९ वर्षांची आहे. संध्याकाळी घरी गेलो की ती आधी माझी बोटं हुंगते आणि मग ठरवते मांडीवर बसायचं की नाही. ती काही बोलत नाही. हे इथेच पहिल्यांदा लिहितो आहे.

तुळशीकट्टा
चहाबाज, मनापासून लिहिलंत. जागा हवी हे मला पटतं. अण्णांना घरात गच्ची होती. मागचं अंगण होतं. सांगणारं कुणी नव्हतं.

लष्करची सून
ग्वाल्हेरहून. मी टेम्पोत सरळ म्हणते, “भैया, बीड़ी बाहर.” सासूबाई घाबरतात, म्हणतात भांडण होईल. दहात नऊ वेळा विझवतात. दहावा असला की मी उतरते. पोळी तव्यावर आहे, नंतर लिहिते.

सातवी मंझिल
वेगळं लिहिणार आहे, राग आला तरी चालेल. मी २७ वर्षांची, मुलगी, आयटीत, कधीकधी ओढते. भंवरकुआँजवळ चहाच्या गुमटीवर आम्ही ऑफिसचे पाच जण उभे होतो, चार मुलगे आणि मी. पाचांच्याही हातात सिगारेट. एक काका आले, मराठीच होते, आणि फक्त माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “कुठल्या घरची आहेस तू? आई-वडिलांना माहीत आहे?” चौघांकडे पाहिलंही नाही. नंतर त्यांनी त्याच गुमटीवरून स्वतःसाठी दोन सुट्ट्या घेतल्या.

मला कुणी म्हणालं की धुराचा त्रास होतोय, तर मी त्या क्षणी लांब जाईन. कसम से. माझ्या आजीला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार होता, चुलीच्या धुराने झालेला, धाप लागणं काय असतं ते मी बघितलंय. पण त्या काकांना धुराचा त्रास नव्हता. माझा होता.

आजीचा बटवा
बाळ, काकांचं चुकलंच. पण मुलींनी ओढू नये असं मलाही वाटतं. जुनी माणसं आहोत आम्ही.

सातवी मंझिल
आजी, मुलांनीही ओढू नये म्हणा ना, मग मी ऐकते.

आजीचा बटवा
म्हटलं. कुणीच ओढू नका. आता जेव आणि झोप, रात्र करून जागत राहिलीस.

मिलवाला नातू
माझे आजोबा हुकुमचंद मिलमध्ये, विणाई खात्यात. आत कापूस, त्यामुळे काडेपेटी न्यायची मनाई. पाळी सुटली की फाटकाबाहेर एकदम शेकडो विड्या पेटायच्या, आजोबा सांगायचे की काळोखात काजव्यांसारखं दिसायचं. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद झाली. मग दिवसभर घरात बसायला लागले आणि विडी हातातून सुटेना. दोन खोल्यांत आम्ही सहा जण, मी सगळ्यात लहान, मला सारखी खोकल्याची उबळ.

आजी एकदाच बोलली. स्टोव्ह पेटवता पेटवता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “कापसासाठी आठ तास थांबत होतात.” आजोबा उठून बाहेर गेले. तेव्हापासून विडी ओट्यावर, घरात नाही. सोडली मात्र नाही. मजुरांचे थकलेले पैसे २०२३ च्या डिसेंबरात मिळाले, तोवर दोघंही गेले होते. विषय भरकटला, माफ करा. पण धागा वाचताना आजीचा आवाजच कानात आला.

खंडवा पॅसेंजर
माफी कसली. माझे मामा त्याच मिलमध्ये होते, कताईत. तुम्ही लोक कुठे राहायचात?

मिलवाला नातू
परदेशीपुरा. तुमचे मामा?

खंडवा पॅसेंजर
तेही परदेशीपुराच! निरोप टाकतो, बोलू.

बडोदेकर
आमच्या बडोद्याला पानाच्या गल्ल्यावर सिगारेटपेक्षा तंबाखू-सुपारीचा मावा जास्त चालतो. त्याचा धूर नाही म्हणून लोकांना वाटतं की कुणाला त्रास नाही. आमच्या सोसायटीच्या जिन्याचे कोपरे येऊन बघा. मी स्वतः ११ वर्षं मावा खाल्ला, तोंड दोन बोटंच उघडायला लागलं तेव्हा थांबलो. पाकिटावर व्यसन सोडायला मदतीचा छापलेला नंबर असतो ना, १८००-११-२३५६, तिथे फोन केला होता, फुकट आहे. चहाबाजभाऊ, तुम्हाला उपदेश नाही करत, मुलीचं वाचलं म्हणून नंबर लिहिला.

चहाबाज
लिहून ठेवला.

जिरावण
मध्य प्रदेशात गुटखाबंदी देशात पहिल्यांदा झाली ना? २०१२ ला. तरी गुमटीवर पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या जोडीने मिळतातच.

झाडू आणि घंटागाडी
एक राहिलंच. आपलं इंदूर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलं याचा मला फार अभिमान आहे. पहाटे फिरायला जातो तेव्हा झाडणाऱ्या ताई भेटतात. एकीने मला सुपली दाखवली. पान, कागद सगळं झाडूत येतं, पण फरशीच्या फटीत अडकलेली थोटकं ती बोटांनी एकेक काढत होती. ते फिल्टर कागदाचे किंवा कापसाचे नसतात, एक प्रकारचं प्लास्टिक असतं, लवकर कुजत नाही. ओढणाऱ्यांनो, एक छोटी डबी खिशात ठेवा. तिला वाकावं लागतं हो, तिचे गुडघे दुखतात.

चहाबाज
हे पटलं. उद्यापासून ठेवतो.

लष्करची सून
आले परत. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्या म्हणतात त्यांचे सासरे हुक्का ओढायचे आणि निखारे यांनाच फुलवून द्यावे लागायचे, रोज दोनदा. इतक्या वर्षांत मला हे कधी सांगितलं नव्हतं.

तुळशीकट्टा
सगळ्यांचं वाचते आहे, एकेकाला उत्तर देता येत नाहीये, राग मानू नका. मगाशी आईला फोन केला. पोह्यांच्या रांगेतल्या मुलीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, “आई, तू का गं कधी बोलली नाहीस अण्णांना?”

आई म्हणाली, “बोलले होते की.”

माझ्या जन्माआधीची गोष्ट. श्रावण होता. अण्णा देवपूजा करून बैठकीत येऊन बसले तेव्हा हिने पडद्याआडून सांगितलं, “भाऊजी, मला धुराने श्वास लागतो.” अण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते गच्चीवर जाऊन ओढायला लागले. पाऊस असला की छत्री घेऊन. आई सांगत होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या भिंतीवर छत्रीची सावली दिसायची आणि तिला इतकं मोकळं वाटायचं की ती पोळ्या लाटताना गाणं म्हणायची.

तीनेक आठवडे हे चाललं. मग आजीने पाहिलं. घरातला कर्ता मुलगा पावसात उभा आणि सून आत गाणं म्हणते आहे. आजीने आईला चार माणसांत सुनावलं. त्याच संध्याकाळी आईने स्वतः गच्चीवर जाऊन अण्णांना सांगितलं, “भाऊजी, खाली येऊन बसा, मला आता त्रास होत नाही.”

मी विचारलं, अण्णा काय म्हणाले? ती म्हणाली, “काही नाही. छत्री मिटली आणि आले खाली.”

जिरावण
अगं. आणि आजी? तुझ्या आजीला कधी कळलं का?

तुळशीकट्टा
आईला रात्री धाप लागली की आजीच छाती शेकायची. विचारते उद्या, आज ती दमली होती बोलून.