स्मरणिका, पान 14 : 'फेरारी' आडनावाची चौकट

सर्वांस नमस्कार,

'एन्झो फेरारी यांच्या वडिलांचा मोदेना येथे धातुकामाचा कारखाना होता, म्हणून हे घराणे फेरारी झाले', हे वाक्य मुद्रितातही तसेच राहिले आहे आणि मला ते पटत नाही. पाने गुरुवारी छापखान्यात जातात, तेव्हा बुधवार रात्रीपर्यंत कळवावे.
— मुद्रितशोधक

ताई,

वाक्य काढावेच लागेल. लॅटिनमध्ये 'फेरुम' म्हणजे लोखंड आणि 'फेरारियुस' म्हणजे लोहार. त्यावरून आलेले हे आडनाव एन्झो 1898 मध्ये जन्मले त्याच्या कित्येक शतके आधीपासून इटलीत आहे. 1563 मध्ये त्रेंतोच्या कॅथलिक धर्मपरिषदेने पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, विवाहाची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिल्यावर पिढीजात आडनावे अधिकच पक्की झाली, आणि लोहाराच्या पणतूने भट्टी सोडून पाव भाजायला घेतले तरी तो नोंदीत फेरारीच राहिला. आमच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याच्या दारावर 'फाब्रो', म्हणजे आजच्या इटालियनमधला लोहार, अशी पाटी आहे. कानशीने किल्ली घासून घासून त्याचा अंगठा काळा पडला आहे, पण आडनाव मात्र मोलिनारी, म्हणजे गिरणीवाला.

शेवटचा 'ई' अनेकवचनाचा आहे, हेही चौकटीत यावे. गावाकडे आपण 'सुतारांचा धाकटा' म्हणतो, तसे हे 'लोहारांचे' घर.
— अण्णा

अण्णा,

'ई'बद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. जुन्या लॅटिन दस्तांत 'दे फेरारीस' असे लिहीत, त्याचाही वाटा त्यात धरला जातो, त्यामुळे केवळ अनेकवचन म्हणून थांबू नये. शिवाय प्येमोंतेत फेरेरो, दक्षिणेत फेरारो आणि तोस्कानात फाब्री ही लोहारांचीच आडनावे आहेत, ती वगळली तर चौकट एका मोटारीपुरती उरेल.
— ग्रंथालय विभाग

नमस्कार,

याच चौकटीत 'गोव्यातील फेरेरा हेही लोहारच' ही ओळ कोणी घातली? गोव्याचा मजकूर गेली चार वर्षे मी पाहते, निदान विचारायला हवे होते. पोर्तुगीज 'फेरेरा' हे 'फेरारिया' या शब्दावरून, म्हणजे लोखंडाची खाण किंवा भट्टी असलेल्या जागेवरून आलेले स्थलवाचक आडनाव आहे. शिवाय गोव्यात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना पोर्तुगीज आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी, पुष्कळदा पाद्रींकडून किंवा धर्मपित्याकडून मिळाली, त्यामुळे मूळचा धंदा त्यावरून ठरवता येत नाही. माझ्या माहेरच्या शेजारी फेरेरा राहत, त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या नारळाच्या बागा होत्या.
— गोवा विभाग

ताई,

ओळ मीच घातली होती, न विचारता घातली ही माझी चूक. ती काढली आहे. कारखान्याचे वाक्यही गेले. आता असे छापू : 'फेरारी म्हणजे लोहारांच्या घरातले, प्येमोंतेत फेरेरो, दक्षिणेत फेरारो, तोस्कानात फाब्री.' 'ई'चा वाद दोन ओळींत मावत नाही, म्हणून तो घेतलेला नाही. अण्णा, कुलूपवाल्या मोलिनारींची गोष्ट छापायला त्यांची परवानगी बुधवारपर्यंत मिळेल का?
— संपादक