हे पूर पोरांना जागेवर नेऊनच शिकवा
वर एकांनी विचारलंय की अमेरिकेतले हिमयुगातले पूर कोल्हापूरच्या पोरांना शिकवून काय उपयोग, तर माझ्या मते लई उपयोग आहे. तिथलं हिमयुगातलं भलंमोठं मिझुला सरोवर अडवणारा बर्फाचा बांध साधारण 18 ते 15 हजार वर्षांपूर्वी परत परत फुटला आणि त्या पाण्यानं वॉशिंग्टन राज्यातला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, अक्षरशः उपटून नेला, तिथल्या ड्राय फॉल्स या जुन्या धबधब्याचा कडा तर 5 किलोमीटरपेक्षा रुंद, जवळपास 120 मीटर उंच, आणि आता कोरडा ठणठणीत. असा महापूर येऊन गेला हे 1923 मध्ये मांडणारे भूवैज्ञानिक जे. हार्लन ब्रेट्झ आधी हायस्कूलात मास्तर होते, त्यांचं म्हणणं मोठ्या भूवैज्ञानिकांनी कितीतरी वर्षं मानलंच नाही, भूविज्ञानातलं मानाचं पेनरोझ पदक मिळालं ते थेट 1979 ला! 2009 मध्ये तिथं या पुरांच्या वाटेला राष्ट्रीय ट्रेलचा (लोकांनी फिरून बघायच्या मार्गाचा) दर्जा मिळाला.

आपला पंचगंगेचा पूर पावसाचा, त्याची यात सरमिसळ नको. पण राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोका हे इथं शेंबड्या पोरालाही माहिती आहे, मग पाणी ओसरल्यावर शाळांनी पोरांना नदीकाठी नेऊन गाळाचे थर का दाखवू नयेत? तिथंच ब्रेट्झची गोष्ट सांगा, पोरं प्रश्न विचारून भंडावून सोडतील बघा.