'उवाकी'ला मराठीत काय म्हणाल?

खिडकीपाशी: आमच्या फिल्म क्लबात जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा 'अर्ली स्प्रिंग' (१९५६) दाखवतोय. पत्रकाच्या चार ओळी माझ्याकडे आल्यात. टोकियोतला कारकून, मूल गेलेलं, बायकोशी धड बोलणं नाही. रोज लोकलने सोबत जाणाऱ्या कंपूतल्या एका मुलीशी जुळतं. मुलीचं टोपणनाव गोल्डफिश. मी 'व्यभिचार' लिहिलं. जपानी शिकलेली मावसबहीण म्हणाली, छे, ही 'उवाकी'. उवा म्हणजे तरंगणारं, की म्हणजे मन. 'फुरिन' वेगळा, त्यात नीती सोडल्याचा ठपका आहे. मग उवाकीला काय लिहू?

ताकभात: विवाहबाह्य संबंध.

खिडकीपाशी: नको. त्याच्यापुढे आपोआप 'संशयावरून' उमटतं.

जुना वाडा: अहो, बाहेरख्याली! फोड करून बघा. ख्याल बाहेर, म्हणजे उवाकीच की. आमची आजी समोरच्या बिऱ्हाडातल्या एकांबद्दल 'त्याला बाहेरचा नाद आहे' म्हणायची. सातवीपर्यंत मला वाटायचं, ते कुठेतरी ढोल वाजवायला जातात.

शुद्धमती: ख्याल अरबी आहे. व्यभिचाराने काय घोडं मारलंय? मूळ अर्थ वाट सोडून जाणं, एवढाच. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, हेतू (अनुमानाचं कारण) सुद्धा व्यभिचारी असतो, रसशास्त्रात ३३ व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भाव आहेत. त्यांना कुणी कोर्टात खेचलं नाही.

ताकभात: कोर्टावरून आठवलं. आपल्या कलम ४९७ मध्ये शिक्षा फक्त पुरुषाला होती, २०१८ला ते रद्द झालं. जपानात उलट, नवरा असलेल्या बाईने केलं तरच गुन्हा. ते १९४७ला गेलं, म्हणजे या सिनेमाआधी नऊच वर्षं.

उंबरठा: आपली भाषा तरी कुठे वेगळी आहे? बाईचं पाऊल वाकडं पडतं, पुरुषाचा नुसता पाय घसरतो. जसं काही मोरीत शेवाळ होतं! सिनेमातही कंपू नूडल्स खायला जमतो आणि जाब विचारतो तो त्या मुलीला.

जुना वाडा: म्हणून तर बाहेरख्याली. दोघांनाही चालतो.

उंबरठा: चालतो? बाईला बाहेरख्याली म्हटलेलं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी पुरुषांबद्दलच ऐकलाय, तोही जरा कौतुकाने.

जुना वाडा: आमच्याकडे दोघांना म्हणतात. कौतुक कुणाचंच नाही.

ताकभात: मला तर वाटतं ख्याल हा 'ख्या' धातूचा. ख्याती, आख्यान, तसा ख्याल.

शुद्धमती: काहीही! मघाशी सांगितलं ना, अरबी. गाण्यातला ख्यालही तोच.

ताकभात: म्हणजे बाहेरचा नाद, बाहेरचा ख्याल. सगळी भानगड संगीतातली!

खिडकीपाशी: मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. तूर्त 'जुळतं' एवढंच ठेवलंय.

शुद्धमती: 'जुळतं' लग्नाआधीचं. लग्नानंतर 'सूत जमतं'.

जुना वाडा: कोण म्हणतं? आमच्याकडे तर पत्रिकाही जुळते.