अमेरिकेतला गोळीबार: लाल राज्यं की निळी शहरं, खापर कुणावर फोडायचं?

मडगावकर७२
मंडळी, जरा मदत करा. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चवथीपासून एकच भांडण चाललंय. मावसभाऊ टेक्सासात, आतेबहीण न्यू जर्सीत. तो म्हणतो गोळीबार सगळा डेमोक्रॅट (निळ्या) महापौरांच्या शहरांत होतो, शिकागो बघ, मेंफिस बघ. ती म्हणते राज्यवार यादी काढ, वर कोण दिसतं, मिसिसिपी आणि लुइझियाना, तिथे तर रिपब्लिकनांचं, म्हणजे लाल राज्य. दोघं स्क्रीनशॉट टाकतात आणि मला दोघांचेही खरेच वाटतात. गंमत म्हणजे दोघंही व्हिसावर, तिथे मत द्यायचा हक्क एकालाही नाही, पण आवेश असा की उद्याच उमेदवारी भरायचीय. कुणाचं बरोबर ते कोणी नीट सांगेल काय?

फोंडेकर_वाचक
स्क्रीनशॉट दोन्ही खरे असणार, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. बहिणीचा आकडा बहुतेक सीडीसीचा (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था), म्हणजे बंदुकीने झालेले सगळे मृत्यू, लाख लोकांमागे. २०२१ मध्ये मिसिसिपी जवळजवळ ३४, मॅसॅच्युसेट्स साडेतीनच्या आत. पण यात आत्महत्याही धरलेल्या असतात आणि त्या अर्ध्याहून जास्त आहेत. २०२३ मध्ये साधारण ४६,७०० मृत्यू झाले त्यातल्या २७,३०० आत्महत्या. म्हणून वायोमिंग, माँटाना ही राज्यं यादीत वर दिसतात, तिथे खून फार नाहीत, एकटेपणा, लांब अंतरं आणि घरोघरी बंदूक. अख्ख्या वायोमिंगची लोकसंख्या आपल्या दक्षिण गोव्यापेक्षा कमी, विचार करा. भाऊ धरतो फक्त खून आणि तेही शहरातले. आता मोठ्या शहरांत महापौर बहुतेक डेमोक्रॅटच असतात, मग गुन्हा कुठल्याही मोठ्या शहरात होवो, नाव त्याच पक्षाचं येणार.

आणि रंगावर जाऊच नका बाब. २०२१ मध्ये सगळ्यात कमी मृत्युदर असलेल्या मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर कोण होता? चार्ली बेकर, रिपब्लिकन. न्यू मेक्सिकोत डेमोक्रॅट गव्हर्नर, विधिमंडळही त्यांचंच, तरी त्याच वर्षी दर २७ च्या वर. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदुकीचं लायसन गावच्या पोलीस प्रमुखाकडून घ्यावं लागतं आणि ती पद्धत बेकर यायच्या कितीतरी आधीची, विधिमंडळही डेमोक्रॅटांचं. म्हणजे आज खुर्चीवर कोण बसलाय यापेक्षा वीस-तीस वर्षांत कायदा काय साचत गेला, घरात बंदुका किती आणि गरिबी किती, हे बघावं लागतं.

साळगावचो
हे "रंग बघू नका" म्हणजे जरा सोपी पळवाट झाली हां. कायदा आकाशातून पडतो काय? पक्षच करतो ना. मिसुरीचं घ्या, तिथे पिस्तूल विकत घ्यायला शेरीफकडून परमिट लागायचं, २००७ मध्ये रिपब्लिकन विधिमंडळाने ते काढून टाकलं आणि त्यानंतर बंदुकीचे खून वाढले असं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. कनेक्टिकटने १९९५ मध्ये उलट केलं, परमिट आणलं, तिथे कमी झाले. सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात २० लहान मुलं गेली, त्यानंतर एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये साधी बॅकग्राउंड चेक (बंदूक घेणाऱ्याची आधीची माहिती तपासणं) वाढवायची दुरुस्ती ५४ मतं मिळूनही पडली, कारण ६० लागतात. विरोधात कुणाची मतं होती ते यादीत बघा की, चार डेमोक्रॅटही होते पण बाकी जवळजवळ सगळे एकाच बाजूचे.

वाळपईवाला
मी राजकारणातलं बोलत नाही, आमच्या बंदुकीचं सांगतो. कुळागरात रानडुकरं येतात म्हणून आजोबांच्या वेळची एकनळी आहे, लायसन कलेक्टरकडून, मुदत संपली की अर्ज, फोटो, पोलीस पडताळणी, सगळे हेलपाटे. निवडणूक जाहीर झाली की नोटीस येते, बंदूक पोलीस स्टेशनवर नेऊन जमा करा. पावती खिशात आणि डुकरं बागेत, आचारसंहिता संपेपर्यंत आम्ही फटाके वाजवत बसतो. शिव्या घालतो खरे, पण सरकार काँग्रेसचं असो की भाजपचं, कायदा तोच, १९५९ चा. तिथे मात्र मिसिसिपीत २०१६ पासून कमरेला पिस्तूल लावून फिरायला परमिटच नको म्हणतात, आणि शेजारच्या राज्यात वेगळाच नियम. राज्याची हद्द ओलांडून गाडीच्या डिकीतून कोण काय नेतो ते कोण बघणार? गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्याला आपल्याकडे दारूच्या बाटल्या तरी बघतात.

मडगावकर७२
वाळपईबाब 😄 हे मस्त. पण शिकागोचं काय? भाऊ तेवढंच धरून बसलाय. आणि महापौराच्या हातात पोलीस असतात ना तिथे? आपल्या पणजीच्या महापौराकडे कचरा आणि मार्केट, पोलिसांशी संबंध नाही.

फोंडेकर_वाचक
शिकागोत खून भरपूर, लपवण्यासारखं काही नाही, २०२१ मध्ये आठशेच्या आसपास. पण वस्ती २७ लाख आहे. लोकसंख्येच्या मानाने मेंफिस, न्यू ऑर्लिन्स, सेंट लुईस, जॅक्सन ही शहरं कितीतरी वाईट, आणि ती सगळी लाल राज्यांत. महापौर डेमोक्रॅट, गव्हर्नर रिपब्लिकन, मग दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं. शिकागोत पकडलेल्या बंदुकांपैकी बऱ्याच शेजारच्या इंडियानातून आलेल्या असतात, म्हणजे वाळपईबाबांचा डिकीचा प्रश्न बरोबर आहे.

पोलीस म्हणाल तर बहुतेक शहरांत महापौराच्या हातात असतात, पण सगळीकडे नाही. मिसुरीतल्या कॅन्सस सिटीत पोलिसांवर राज्याचं बोर्ड आहे, पाच जणांचं, चार गव्हर्नरने नेमलेले आणि पाचवा महापौर. त्याचं एक मत, आणि शहरात खून वाढले की पेपरात फोटो त्याचा. शिवाय चाळीसहून जास्त राज्यांत शहराने स्वतःचा कडक बंदूक कायदा करायचा नाही असा राज्याचाच कायदा आहे. हात बांधायचे आणि वर विचारायचं पोहत का नाहीस.

आणि २०२० बघा, एका वर्षात देशभर खून जवळजवळ ३० टक्के वाढले, तेव्हा वर ट्रम्प. फोर्ट वर्थमध्ये महापौर रिपब्लिकन, तिथेही वाढले. २०२३, २०२४ मध्ये भराभर खाली आले, वर बायडन. दोन्ही बाजूंनी चढ आला की दुसऱ्याच्या नावावर, उतार आला की आपल्या.

साळगावचो
मान्य, पण एक राहिलं. आत्महत्या बाजूला काढून "हे खरे गोळीबार नव्हेत" म्हणणारे खूप भेटतात, ते मला पटत नाही. जीव तोही गेलाच, आणि घरात बंदूक हाताशी असली की माणसाला परत फिरायला वेळच मिळत नाही. त्यासाठी काही राज्यांत कायदा आहे, पोलीस, आणि कुठे कुठे घरचे लोकही, कोर्टात जाऊन अशा माणसाकडची बंदूक काही काळ काढून घेऊ शकतात. तुमचा भाऊ म्हणेल हे डेमोक्रॅटांचं खूळ, तर त्याला फ्लोरिडा दाखवा. पार्कलंडच्या शाळेत १७ जण मेले आणि महिनाभरात, मार्च २०१८ मध्ये, रिपब्लिकन विधिमंडळाने हा कायदा केला, बंदूक घ्यायचं वय २१ केलं आणि रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉटने सही केली. एनआरएने, म्हणजे बंदूकवाल्यांच्या संघटनेने, लगेच कोर्टात खेचलं ते वेगळं.