शब्दचर्चा : वाघिणीचा 'कबूस' करायचा, पण त्याला म्हणायचं काय?

रूळवेडा :
एचओ या मॉडेल-रेल्वेच्या प्रमाणातल्या (१:८७) अमेरिकी मालगाड्यांवर मराठीत लिहितोय. ४० फुटी बॉक्सकारचं मॉडेल, म्हणजे हातात साधारण १४ सेंटिमीटरचा डबा, कापून-जोडून कबूस (caboose, मालगाडीच्या शेवटी जोडायचा कर्मचाऱ्यांचा डबा) करायचा, असा लेखाचा विषय. बॉक्सकारला 'बंद वाघीण' (वाघीण म्हणजे मालडबा, वॅगन) म्हणून भागलं. कबूसला 'गार्डचा डबा' लिहू का?

खडखडाट :
नको. अमेरिकेत मालगाडीवर गार्ड नसतोच, गाडीचा प्रमुख कंडक्टर असतो. आपल्याकडेही २०२२पासून गार्डला अधिकृतपणे 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात.

सांधेवाला :
'ब्रेकव्हॅन'ही नको. ब्रिटिश पद्धतीत वाघिणींना सलग (इंजिनातून सगळ्या गाडीला एकदम लागणारे) ब्रेक नसायचे, म्हणून मागे गार्ड हाताने ब्रेक आवळायचा. डब्याचं नावच त्या कामावरून पडलं. अमेरिकेत १८९३च्या कायद्यानंतर मालगाड्यांवर एअर ब्रेक आले, तरी कबूस १९८०च्या दशकापर्यंत टिकला. कारण तो कंडक्टरची कचेरी आणि ब्रेकमनचं बिऱ्हाड होता. शेगडी, झोपायचे बाक, कागदपत्रांचं टेबल, सगळं आत. शब्द आलाय तोही डच लोकांच्या जहाजावरच्या स्वयंपाकघरातून.

खडखडाट :
मग 'मुदपाकडबा' म्हणा! :)

रूळवेडा :
मुदपाकडबा बाद. पण बिऱ्हाडाचा मुद्दा कामाचा आहे. मॉडेलमध्ये नेमकं तेच दाखवावं लागतं. मधला सरकता दरवाजा काढून तिथे स्टायरीनचा (प्लॅस्टिकचा) पत्रा चिकटवायचा, खिडक्या कापायच्या, टोकांना दारं, ओटे आणि कठडे लावायचे, शेगडीचं धुराडं छतातून बाहेर काढायचं. छतावरच्या 'क्युपोला'ला काय म्हणू? 'घुमटी' लिहिलं होतं.

सांधेवाला :
घुमटी म्हटलं की गोल काहीतरी डोळ्यांसमोर येतं. क्युपोला चौकोनी असतो. त्यात उंच बसून माणसं पुढची सगळी गाडी न्याहाळायची, कुठे बेअरिंग तापून धूर येतोय का बघायची. 'टेहळणीची माडी' लिहा, कामही कळतं. पुढे वाघिणी इतक्या उंच झाल्या की माडीतून दिसेना. मग बऱ्याच कंपन्यांनी बाजूला बाहेर आलेली खिडकी पसंत केली. तिला 'गवाक्ष' मात्र म्हणू नका, सरकारी पाटी वाटते. तुम्हाला छत कापायचं नसेल तर हाच प्रकार सोपा.

रूळवेडा :
आणि 'ट्रक'? चाकांची चौकट बदलायची आहे. कित्येक कबूसांना पट्ट्यांच्या स्प्रिंगची असायची. 'ट्रक बदला' लिहिलं तर वाचक मालट्रक शोधेल.

खडखडाट :
तांत्रिक भाषेत तिला आपल्याकडे 'बोगी' म्हणतात. पण मराठी वर्तमानपत्रांनी अख्ख्या डब्यालाच बोगी करून टाकलंय. 'बोगी बदला' वाचून कोणी सगळा डबाच फेकून देईल! 'चाकांची बोगी' लिहा. पुनरुक्ती आहे, असू दे.

सांधेवाला :
माझं मत : 'कबूस' तसाच ठेवा. एकदा 'मालगाडीच्या शेपटाला जोडलेला, कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाचा डबा' असं सांगितलं की झालं. वॅगनची आपण वाघीण केली, हाही शब्द रुळेल.

खडखडाट :
ओमानच्या आधीच्या सुलतानाचं नाव वाटतं, एवढीच तक्रार. आणि लिंग? तो, ती की ते?

सांधेवाला :
डबा म्हणून 'तो'. पण पहिलं अक्षर ऱ्हस्वच ठेवा. कबूस–कबुसाला, वकील–वकिलाला तसं. 'काबूस' केलंत तर कापसाच्या नियमाने 'काबसाला' लिहावं लागेल.

रूळवेडा :
ठरलं. शीर्षक 'बंद वाघिणीचा कबूस'. आता वजनाचा परिच्छेद लिहितो. या लांबीला एकूण १०५ ग्रॅमच्या आसपास हवं, नाहीतर वळणावर रुळांवरून उतरतो. कबूस, म्हणजे तो.